सगळाच्या सगळा सूर

सिंथेसायझर उचलायला दोन माणसं लागायची, तेव्हाची ही गोष्ट. मिरजेतल्या एका ऑर्केस्ट्राकडे असाच एक होता, अर्धा डिजिटल, अर्धा अ‍ॅनालॉग. त्याच्या पोटात एक चिप राहायची आणि तिच्या शेजारी एक फिल्टर. चिपकडे लहरींचे चौसष्ट नमुने होते, त्यांतून ती सूर घडवायची. फिल्टर त्या सुरांतलं नको ते गाळून टाकायचा.

"मी सूर घडवते आणि तू नुसता काढून घेतोस," चिप रोज टोमणा मारायची. "त्यात तापल्याशिवाय तुझं अंग हलत नाही!"

फिल्टर गुमान तापत बसायचा.

एकदा सिंथेसायझर नूरचाचांच्या दुकानात दुरुस्तीला गेला. चाचांनी तपासायला म्हणून फिल्टरची वायर सोडवली आणि चिपचा सूर थेट स्पीकरला जोडला. चिप हरखली. आता कळेल सगळ्यांना!

कळलंच. पहिल्याच सुराला दुकानातलं मांजर पळालं. वाजवणारे विलासराव कानांवर हात ठेवून म्हणाले, "चाचा, हे काय हो? न गाळलेला चहा प्यायल्यासारखं वाटतंय. असंच वाजणार असेल तर द्या भंगारात!"

भंगार म्हणताच चिप गारठली.

"थांबा की जरा," म्हणत चाचांनी फिल्टरची वायर परत जोडली. फिल्टर सावकाश तापला. मग असा मऊ सूर आला, की मांजर परत येऊन सिंथेसायझरवरच उबेला बसलं.

चिप पुटपुटली, "पण मघाचा सूरही माझाच होता."

"हो ना," फिल्टर म्हणाला. "सगळाच्या सगळा."