सगळं नाटक पाठ असलेला नट

“पण चूक कुठे झाली ते तरी सांगा, मास्तर!”

आमादोर मास्तर पायरीवर बसले होते. त्यांनी पावाचा तुकडा वाइनमध्ये बुडवला आणि तो नीट भिजायची वाट बघत राहिले.

ही चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. माद्रिद शहरात तेव्हा घरांच्या मधल्या चौकात नाटकं होत, तीही भर दुपारी, उघड्या आभाळाखाली. अशाच एका चौकात सकाळची तालीम चालली होती.

फेलिक्स तरुण होता, देखणा होता, आणि हे दोन्ही त्याला चांगलं ठाऊक होतं. नाटकात तो लढाईवरून घरी परतणारा मुलगा. मास्तर त्याचे वडील. मुलगा दारातून आत येतो आणि वडील त्याला सांगतात, आई गेली. एवढाच प्रवेश, पण सगळं नाटक त्यावर उभं.

सकाळपासून मास्तरांचा एकच शब्द चालला होता. “पुन्हा.”

दुपारी खेळ होता. प्रवेश जमला नाही, तर ते काम जुन्या तोमेकडे जाणार आणि फेलिक्स पूर्वीसारखाच भाला धरून मागे उभा राहणार. भाला धरून धरून पोराचा जीव मेटाकुटीला आला होता.

“माझं एक अक्षर चुकलं नाही,” तो म्हणाला. “माझंच काय, कुणाचंही वाक्य विचारा. तोमेचं विचारा, तुमचं विचारा. सगळं नाटक पाठ आहे मला.”

मास्तरांचा हात थांबला.

“सगळं?”

फेलिक्सने जीभ चावली.

त्या काळी नटाच्या हाती अख्खं नाटक कुणी देत नसे. कागद महाग, आणि दुसऱ्या कंपनीने पळवलं म्हणजे? नटाला मिळायची फक्त त्याची नक्कल. तिच्यात त्याची स्वतःची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. ते कानावर पडले की आपण बोलायचं. बाकी समोरचा काय बोलणार, हे तो बोलेल तेव्हाच कळायचं.

या पठ्ठ्याने प्रॉम्प्टरला वाइन पाजून त्याच्या पेटीतलं पुरं नाटक वाचून काढलं होतं.

“रागावलात?”

“छे. हुशार आहेस.” मास्तरांनी पाव तोंडात टाकला. “मी इतकी वर्षं हे नाटक करतोय. दुसऱ्या अंकात मरतो. पुढे काय होतं, मला अजून माहीत नाही.”

“कधी कुणाला विचारलं नाहीत?”

“मेलेल्या माणसाने विचारायचं कुणाला?”

फेलिक्सला हसू आलं. म्हाताऱ्यावर त्याचा फार जीव होता. अनवाणी आलेल्या या पोराला कंपनीत ठेवून घेतलं ते मास्तरांनीच. अलीकडे मास्तर अधूनमधून वाक्य विसरायचे, आणि सगळे आपल्याला कळलंच नाही असं दाखवायचे. त्यात फेलिक्स सगळ्यांत पुढे.

“चल. शेवटचं एकदा.”

फेलिक्स दारातून आत आला. आला तोच तोंड पाडून. आई गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही आणि याच्या डोळ्यांत पाणी तयार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

मास्तर पुढे झाले. इथे त्यांचं वाक्य होतं.

ते बोलले नाहीत.

त्यांनी फेलिक्सच्या डोक्यावरची टोपी काढली. तिच्यावरची धूळ झटकली. मग त्याच्या खांद्यांवरची झटकली. मग त्याची कॉलर सरळ केली, आई करते तशी.

फेलिक्स थांबला. आता बोलतील... आता...

मास्तरांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

विसरले! ते वाक्य फेलिक्सच्या अगदी जिभेवर होतं. हळूच सांगावं का? पण प्रॉम्प्टर बघत होता, तोमे बघत होता. सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला त्याचं वाक्य सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने मास्तरांचा हात हातात घेतला.

“काय झालं? ...बोला ना. मी आहे इथे.”

मास्तरांनी मान वर केली.

“तुझी आई गेली, बाळा.”

फेलिक्स त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांचा हात न सोडता खाली बसला.

तोमेने आपली टोपी काढून छातीशी धरली.

...

बऱ्याच वेळाने फेलिक्स उठला. बाहीने डोळे पुसत म्हणाला, “खरं सांगा, मास्तर. तुम्ही वाक्य विसरला होतात, की मुद्दाम थांबलात?”

“ते राहू दे. त्यावर तुझं वाक्य काय आहे, ते सांग.”

फेलिक्सने तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

“आठवत नाही, मास्तर.”

तोमे स्वतःसाठी भाला आणायला गेला. मास्तर हसले, आणि त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

“मग दुपारी दारातून तूच ये.”