तांबट आळी थांबली तेव्हा

एकदा एका तांबट आळीतले एक मांजर हरवले. मांजर हरवणे ही काही दृष्टांतात घालण्याजोगी घटना नव्हे, हे मलाही कळते. मांजरे जातात, गावभर हिंडतात आणि दूध तापवायच्या वेळेला बरोबर दारात हजर होतात. पण हे मांजर परतही येईना आणि धड गेलेलेही दिसेना. ते कसे, ते सांगतो.

त्या आळीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना घराला घर खेटून उभे होते. वरचे माळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. पुढच्या ओसरीत काम आणि मागे संसार. तांब्याचे पत्रे ठोकून हंडे, घंगाळी, बंब घडवायचे आणि त्यांवर बारीक ठोके देत मठारकाम करायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. त्यात लग्नसराई तोंडावर आली होती. मागणी एवढी, की पाळ्या लावून रात्रीही काम चाले आणि ठोके म्हणून थांबत नसत.

आळीचा एक रिवाज होता. कोणाच्या घरी माणूस गेले, की शेजाऱ्याने आधी हातोडी खाली ठेवायची, ते पाहून पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने, आणि बघता बघता सारी आळी निःशब्द व्हायची. एरवी कोणी थांबायचे नाही. त्यामुळे तिथल्या माणसांना गोंगाटाची सवय आणि शांततेचे भय. आळी गप्प झाली म्हणजे कोणीतरी गेले, हे तिथे कोणाला सांगावे लागत नसे.

आळीच्या टोकाला एक छोटा मठ होता. त्याची भिंत आणि शेवटच्या तांबटाच्या घराची भिंत एकच. मठात एक वृद्ध गुरुजी राहत आणि त्यांच्यापाशी एक शिष्य साधनेसाठी आला होता. शिष्य बुद्धिमान, निष्ठावान आणि थोडा घाईतला. ध्यानाला बसताना तो त्या सामाईक भिंतीला पाठ लावून बसे. आरंभी ठोक्यांनी त्याचे डोके उठे. पुढे त्याला ते ऐकूच येईनासे झाले. ही प्रगती त्याने मोठ्या आनंदाने गुरुजींच्या कानावर घातली. गुरुजी नुसते "बरं" म्हणाले. शिष्याच्या मनात आले, की वयोमानाने माणूस कौतुक करायचे विसरतो.

एके दिवशी सकाळी येसूमावशी मठाच्या पायरीशी येऊन बसली. तयार भांडी चिंचेने घासून लख्ख करून देणे हे तिचे काम. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षे झालेली. तिची बोटे चिंचेने कायमची काळवंडली होती आणि आज डोळेही तसेच दिसत होते.

"गुरुजी, माझी भिंगरी हरवली हो," ती म्हणाली. "घास उतरत नाही घशाखाली. लोक हसतात मला, मांजरासाठी रडते म्हणून. पण उद्या मी घरात आडवी पडले, तर दारात येऊन ओरडेल असा जीव तेवढा एकच आहे मला."

गुरुजींनी शिष्याकडे पाहिले. "जा. शोधून आण."

शिष्य चपापला. "मी? गुरुजी, आजच नेमकं? मी तुम्हांला सांगणारच होतो. दोन-तीन दिवस ध्यानात पाठीच्या कण्यात स्पंदन जाणवतंय. खालून वर जातं. थांबतं, पुन्हा होतं. ही अवस्था मोडली तर पुन्हा कधी येईल कोण जाणे."

गुरुजींनी त्याच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिले. "आधी मांजर," ते म्हणाले.

शिष्य मनातल्या मनात चरफडत उठला. साधना एवढी रंगात आलेली आणि गुरूंनी आपल्याला मांजरामागे लावावे, हे त्याला फार लागले.

तो घरोघर गेला. "भिंगरी पाहिलीत का? पांढरी, कपाळावर तपकिरी ठिपका?" पाहिली कोणीच नव्हती. ऐकली मात्र सगळ्यांनी होती, आणि इथून पुढची गोष्ट जरा निराळी होते.

"काल आमच्या बंबातून ओरडली," पहिल्या घरची बाई म्हणाली. "झाकण काढलं, तर आत काही नाही."

"आमच्या हंड्यांतून आवाज येतो," समोरचा तांबट म्हणाला. "एकात कान घातला की शेजारच्यात ओरडते. आता मी कान घालतच नाही."

शिष्याला हसू आले. ठोके चालूच होते. त्याने ओसरीतल्या एका मोठ्या हंड्यात डोके घातले. आत तांब्याचा वास होता आणि अंधार होता. त्या अंधारातून, अगदी कानाच्या पाळीशी, एक क्षीण लांबलेले 'म्याऊ' उमटले. त्याने झटकन डोके बाहेर काढले. तोच आवाज आता पाठीमागच्या घंगाळातून आला, मग वरून, मग पलीकडच्या घरातून. ठोक्यांत मिसळून तो आळीभर हिंडत होता. त्यामागे दिसायला मात्र एक शेपूटसुद्धा नव्हती. शिष्याच्या अंगावर काटा आला आणि हसू कुठल्या कुठे गेले.

"मेलीय ती," घरातली म्हातारी दाराआडून हळूच बोलली. "आवाज तेवढा राहिलाय मागं. येसूला सांगू नका."

शिष्याने माळे पाहिले. कोळशाची पोती, जुनी भांडी, जळमटे आणि मिट्ट काळोख. शेवटच्या घराशी तो आला तेव्हा दार बंद होते. ते घर नरहरआबांचे. आबा एकटे राहणारे वृद्ध तांबट. शिष्याने दार वाजवले, उत्तर आले नाही.

"बंद आहे ते," शेजारच्या सदोबाने हातातले काम न थांबवता ओरडून सांगितले. "आबा गेले लेकीकडं. लग्नसराईला दर वर्षी जातात."

शिष्य मठात परतला. तोंड उतरले होते. त्याने सगळा वृत्तान्त सांगितला. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि उठून ते शिष्याच्या आसनावर जाऊन बसले, त्याच भिंतीला पाठ लावून. डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. शिष्याला वाटले, मांजर अंतर्ज्ञानाने शोधताहेत. गुरुजी उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. ते अनवाणीच बाहेर पडले आणि शिष्य त्यांच्यामागे धावला.

टळटळीत दुपार होती. रस्त्यावर सावली म्हणून नव्हती. गुरुजी सरळ सदोबाच्या ओसरीत शिरले आणि त्यांनी त्याचा वर उचललेला हात मनगटाशी धरला.

"हातोडी खाली ठेव."

सदोबा पांढराफटक पडला. "कोण गेलं, गुरुजी?"

"ठाऊक नाही."

"मग? असं कसं ठेवू? आळीत अपशकुन होईल."

"खाली ठेव. मी सांगतो म्हणून ठेव."

सदोबाने हातोडी जमिनीवर ठेवली. समोरच्याने ते पाहिले आणि आपली ठेवली. त्याच्या शेजाऱ्याने ठेवली. शांतता एकेका घराला शिवत आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. बायका पदर सावरत दारांत आल्या आणि आपापली माणसे नजरेने मोजू लागल्या. सासरा आहे, दीर आहे, पोरे आहेत. मग कोण? कुठल्याच घरातून रडणे उमटले नाही. उन्हात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. भट्टीतला कोळसा तडकलेलाही ऐकू येत होता.

आणि त्या शांततेत कुठेतरी 'ठक्' असा आवाज झाला.

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिले. सगळे हात रिकामे होते. सगळ्या हातोड्या जमिनीवर होत्या.

बराच वेळ गेला. पुन्हा एक ठोका पडला. अगदी हलका, कसलाही जोर नसलेला.

येसूमावशीने शिष्याचा दंड घट्ट धरला. आवाज नरहरआबांच्या बंद घरातून येत होता. मागोमाग त्याच घरातून भिंगरी ओरडली. आता तिचा आवाज हिंडत नव्हता. कोणीतरी "देवा" म्हणाले आणि चार माणसे मागे सरकली.

मग तो ठोकाही थांबला. दाराच्या आतून, वाळलेल्या पानासारखा एक आवाज आला.

"कोण... कोण गेलं रे?"

शिष्याने दाराकडे पाहिले. बाहेरची कडी मोकळीच लोंबत होती, कुलूप नव्हते. तो सकाळी याच दारासमोर उभा राहिला होता. येणारी-जाणारी सारी आळी त्यासमोरून गेली होती. दार आतून लावलेले आहे, हे पाहायला कोणाला सवड झाली नव्हती. सदोबाने खांद्याने धक्का दिला आणि दार उघडले.

आबा माळ्याच्या शिडीखाली पडलेले होते. पायरीवरून पाय निसटून खाली आले होते आणि मांडीचे हाड मोडले होते. हाताशी असलेल्या घंगाळात भांडी विसळायचे पाणी होते, त्यावर जीव धरून राहिले होते. दुसऱ्या हाताला एक हातोडी आणि शेजारी मठाची भिंत. छातीवर भिंगरी बसलेली होती. माणसे आत आली तरी ती हलली नाही.

"कोण गेलं?" आबांनी पुन्हा विचारले.

"कोणी नाही गेलं, आबा," येसूमावशी त्यांच्याशेजारी बसत म्हणाली.

"मग हात का थांबले सगळ्यांचे?"

गुरुजी म्हणाले, "तुमच्यासाठी थांबले, आबा."

आबांनी ते ऐकले मात्र, त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांत भय उतरले. चाचपडत त्यांनी आपल्याच छातीवर हात नेला. "म्हणजे... मीच गेलो का?"

येसूमावशीने तांब्या त्यांच्या ओठांना लावला. "घशाला पाणी लागतंय ना? मग जिता आहात. गप्प पडून राहा."

आबा पाणी प्यायले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मग ओसरीतली निबर माणसेही रडली. लाज वाटून रडली, हे सांगायला हवे. आळीभर मांजराचा शोध चालला होता आणि आबा सापडत नाहीत असे एकाच्याही मनात आले नव्हते.

आबांना बाजेवर घालून वैद्याकडे नेले. भिंगरी येसूमावशीच्या खांद्यावर बसून घरी गेली. शिष्य मात्र भिंतीशी तसाच उभा राहिला. भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, चुन्याला हातोडीने पाडलेला एक लहान खड्डा होता. मठाच्या बाजूने नेमके त्याच जागी त्याचे आसन होते. त्याने आपल्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवला आणि तो तिथेच खाली बसला.

"गुरुजी, ते स्पंदन..."

"होय," गुरुजी म्हणाले.

"मी अनुभव समजत होतो. काल तर आनंदाने डोळे भरून आले होते माझे. आणि ते पलीकडे..."

गुरुजी त्याच्याजवळ बसले. रागावले नाहीत.

"बंद म्हटलेल्या घराच्या भिंतीला टेकलो तेव्हा मलाही थरथर जाणवली," ते म्हणाले. "पण ती आबांची की आळीची, हे मलाही ओळखता येईना. म्हणून हात थांबवावे लागले. आबांना मदतीची हाक मारायला हातोडीखेरीज काही सुचलं नाही. जन्मभर तेच केलेलं. आणि हातोड्यांच्या आळीत हातोडीची हाक कोण ऐकणार? भिंगरी माळ्यांवरून घरोघर ओरडत फिरत होती आणि तिचा आवाज खालच्या रिकाम्या भांड्यांत घुमत होता. मांजराच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. तिला आबांकडून निघून येता आलं असतं आणि ती परत परत तिथेच जात होती, एवढं खरं. बाळ, तुला ठोके ऐकू येईनासे झाले, तेव्हा मी कौतुक केलं नाही, याचं तुला वाईट वाटलं होतं ना? कान बंद होणं ही सिद्धी नाही. ठोक्यांत कोणता ठोका माणसाचा आहे हे ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी ये. मी स्वतः पेढे वाटीन."

शिष्याने आसन हलवले नाही. पुढेही तो त्याच भिंतीला पाठ लावून बसत राहिला, पण डोळे मिटण्याआधी तळहात भिंतीवर ठेवून थोडा वेळ थांबू लागला.

आणि आळीने एक नवा पायंडा पाडला. रोज भर दुपारी सदोबा आपली हातोडी खाली ठेवतो. मग समोरचा ठेवतो, मग पुढचा. थोडा वेळ सारी आळी गप्प होते आणि माणसे बंद दारांकडे, माळ्यांकडे, भिंतींकडे कान लावून बसतात.

एकदा परगावचा एक व्यापारी भांडी न्यायला आला होता. त्याला आळीचा जुना रिवाज ऐकून ठाऊक होता. अचानक सगळे ठोके थांबले तसे त्याने घाईने डोक्यावरची टोपी काढली आणि दबक्या आवाजात येसूमावशीला विचारले, "कोण गेलं हो?"

येसूमावशीने ओठांवर काळे बोट ठेवले. मांडीवर भिंगरी होती, तिचेही कान उभे होते.

"अजून कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणून तर ऐकतोय."