राजाच्या पायाला फुटलेलं मूळ

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. राज्य मोठं, खजिना त्याहून मोठा, आणि हाव खजिन्यात न मावणारी. नगरामागं डोंगर होता. डोंगरात रानची माणसं राहत आणि तिथंच तापमोडी नावाची वेल उगवे. तिच्या मुळाचा काढा घेतला की कसलाही ताप उतरे.

पण रानाची रीत होती. संध्याकाळी वेलीपुढं तांदूळ ठेवायचे, तिला आवतण द्यायचं आणि पहाटे मूळ काढायचं. त्याला लोखंड लावायचं नाही. थोडं मूळ मागं ठेवायचंच.

राजाला कुठली रीत आणि कसलं आवतण! त्याचा जादूगार धूमाक्ष म्हणाला, सगळी वेल खजिन्यात असली तर मरण दारात येणार नाही. झालं. कुदळी चालल्या, डोंगर उकरला गेला, वेल मुळासकट खजिन्यात आली. कुलूप लागताच मुळांचं सोनं झालं, आणि सोन्याचा काढा होत नाही. त्याच घटकेला राजाच्या पायांना मुळं फुटून सिंहासनाखालच्या फरशीत शिरली. धूमाक्षाने तांब्याची कुऱ्हाड चालवली, रुप्याची चालवली, शेवटी लोखंडाची चालवली. दर घावाला राजाच्या अंगावर साल चढत गेली. ती छातीशी आली तेव्हा कुठं त्याने हात आवरला.

इकडे डोंगरात रानच्या माणसांतल्या जिवलीची लेक मथी तापाने फणफणली होती. उकरलेल्या मातीत मूळ शोधून जिवलीची नखं झिजली. तेव्हा फांदीवरचा कोतवाल पक्षी बोलला. हा पंखांचा कोतवाल. राजाचा कोतवाल इतकं खरं कधी बोलला नव्हता.

"तापमोडीचं जितं मूळ आता एकाच जागी आहे. राजाच्या पायाला."

जिवलीने मथीला आपल्या आईच्या मांडीवर निजवलं, पदराला तांदूळ बांधले, मूळ खणायला सांबराचं शिंग घेतलं आणि दिवस मावळताना ती दरबारात उभी राहिली. धूमाक्षाला घाई झाली होती. तो म्हणाला, पोर तापात आहे ना, मग आत्ताच उपट. जिवलीचा जीव तीळतीळ तुटत होता. पण न विचारता काढलेल्या मुळाला गुण येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने राजाच्या पायांपाशी तांदूळ ठेवले, हात जोडले आणि वेलीपुढं म्हणतात तेच शब्द म्हटले.

"आई, लेकरासाठी आले आहे. उद्या पहाटे न्यायला येते. येशील?"

राजाला आई म्हटलेलं ऐकून दरबाऱ्यांनी तोंडाला उपरणी लावली. राजा मात्र हसला नाही. त्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कोणाला.

"न विचारता तोडलं की फार दुखतं," तो हळूच म्हणाला. "ये. मी येईन."

पहाटे शिंग लागताच मुळं ओल्या मातीतल्या कंदासारखी अलगद सुटली. साल गळाली, राजा उठून उभा राहिला. डाव्या पायाच्या करंगळीला एक बारीक मूळ तेवढं राहिलं. जिवलीने तेही फरशीतून मोकळं केलं, पण तोडलं नाही. धूमाक्ष ओरडला, तेही काढ.

"थोडं ठेवायचं असतं," जिवली म्हणाली आणि धावत सुटली.

काढा पोटात जाताच मथीला दरदरून घाम सुटला. तिने डोळे उघडून नागलीची भाकर मागितली, आणि जिवली पोटभर रडली.

मागोमाग राजा अनवाणी डोंगर चढून आला. त्याने करंगळी मातीत रोवली. मूळ पायाचं सुटलं आणि मातीचं झालं. तिकडे खजिन्याचं कुलूप आपोआप गळून पडलं, सोन्याची पुन्हा मुळं झाली. ती धूमाक्षाने स्वतःच्या डोक्यावरून डोंगरात वाहून आणली आणि हातांनी लावली. कुदळ त्याला कोणी दिली नाही.

राजाची करंगळी मात्र जन्मभर हिरवीच राहिली. पुढं कधी राणीला ताप आला, कधी राजपुत्राला, की राजा संध्याकाळी मुठीत तांदूळ घेऊन एकटा डोंगर चढे, वेलीपुढं वाके आणि म्हणे, "आई, उद्या न्यायला येतो. येशील?"

आणि वेल दर वेळी येई.