बांडीची घंटा

फार मागची गोष्ट. एका डोंगरावर मेंढरांच्या कळपापुढे गळ्यात घंटा बांधलेली बांडी नावाची म्हातारी शेळी चाले. कड्याजवळच्या वळणावर ती रोज थांबे आणि मागे राहिलेलं लंगडं कोकरू येईपर्यंत हाका मारत राही.

एकदा ओढा ओलांडताना तिची घंटा तुटून वाहून गेली.

"घंटा नाही, मग तू कसली पुढारीण?" तरणा एडका हसला. "उद्यापासून कळप मी नेतो, म्हातारे."

बांडीला ते लागलं. तरी सकाळी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी उठली आणि एकटीच पुढे निघाली.

त्या दिवशी दाट धुकं उतरलं. एडका वाट चुकला आणि मेंढरं त्याच्यामागून कड्याकडे सरकू लागली. तेवढ्यात वळणावरून ओळखीची हाक आली. मेंढरं थबकली आणि हाकेच्या रोखाने एकेक करून बांडीला येऊन टेकली. एडकाही थरथरत आला.

"तुला वाट दिसत होती, आजी?"

"नाही रे बाळा. मीही भ्याले होते. पण कोकरू आल्याशिवाय हे वळण मी कधी सोडलं नाही. आज तरी कसं सोडू?"

मेंढरं घराकडे निघायची घाई करू लागली. एडका त्यांना आडवा उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला, "लंगडं अजून यायचंय."

आणि धुक्याकडे तोंड करून त्याने हाक मारली.