मडक्यातले उडीद

एक होता राजा, आणि त्याला होती एकच लेक, शेवंती. नीट ऐका रे, या गोष्टीत कुणावरच भरवसा ठेवायचा नाही बरं का.

एकदा काय झालं, पांढऱ्या घोड्यावर बसून एक परका राजपुत्र आला. देखणा! गोड बोलणारा! मला विचाराल तर जरा जास्तच गोड. म्हणाला, "शेवंतीला द्या, आजच नेतो." राजा भाळला. शेवंतीचा मात्र जीव घाबराघुबरा झाला.

तिथली रीत अशी, की मोठी गोष्ट पाच पंचांना विचारून ठरवायची. राजानं पंच बोलावले, आणि आपलाच हात आधी वर करून म्हणाला, "पसंत असेल त्यानं हात वर करा." मग काय! पाचही हात वर. राजासमोर नाही म्हणायची कुणाची छाती?

शेवंती म्हणाली, "आबा, असं नको. एकेकाला बोलू द्या." मग आधी प्रधान बोलले, "स्थळ उत्तम." दुसरा म्हणाला, "प्रधानजींचं खरं." तिसरा तेच, चौथा तेच, पाचव्यानं नुसती मान हलवली. आणि सगळे एकमेकांकडे चोरून बघतायत मेले!

बाहेर राजपुत्र घाई करायला लागला. मग शेवंती रडू आवरून म्हणाली, "आबा, आता तुम्ही बाहेर जा." तिनं पडद्यामागे मडकं ठेवलं. प्रत्येकाला एक ज्वारीचा दाणा दिला, एक उडदाचा. होकार असेल तर ज्वारी टाका, शंका असेल तर उडीद. उरलेला दाणा गिळून टाका, म्हणजे कुणाला कळायला नको.

राजानं येऊन मडकं उपडं केलं. पाचही उडीद! काळेभोर!

मग तोंडं उघडली. प्रधान म्हणाले, "त्याचा घोडा त्याला बघून थरथर कापतो." दुसरा म्हणाला, "त्याची सावलीच पडत नाही." तिसरा म्हणाला, "ताटातल्या मिठाला तो शिवत नाही." अगं बाई! प्रत्येकाला वाटत होतं, संशय फक्त आपल्यालाच.

राजानं मूठभर मीठ घेतलं आणि राजपुत्राच्या अंगावर फेकलं. तर काय, राजपुत्राचा झाला राक्षस! किंचाळला, विरघळला, मातीत गेला.

राजानं लेकीला पोटाशी धरलं. म्हणाला, "पोरी, मी आधी हात वर केला, आणि मीच तुला घालवत होतो गं!" तेव्हापासून पंच बसले, की राजा सगळ्यांच्या शेवटी बोलायचा. शेवंती सुखात राहिली, तुम्हीही राहा. आता डोळे मिटा. खरंच मिटा हं, मी हात लावून बघणार आहे.