पाठ नसलेला राक्षस

“आणि माणूस आत कुठून शिरणार?”

हा प्रश्न लहानूबाबांनी माझं चित्र उलटं धरून विचारला, असं मला आठवतं. कदाचित चित्र सुलटंच असेल आणि गोंधळलेला मी असेन. चाळीस वर्षं झाली. माझ्या आठवणीवर मी फार भरवसा ठेवत नाही.

लहानूबाबा जव्हारकडच्या एका पाड्यावर बोहाड्याचे, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे करायचे. मी कॉलेजात ग्रीक नाटकं शिकवत होतो आणि स्वतः एक नाटक लिहिलं होतं. त्यातला राक्षस ग्रीक धाटणीचा, पण कुठल्याही पुराणातला नव्हता. माझा होता. मेंढ्याची शिंगं, माशाचे खवले, पुढे एक तोंड, मागे एक तोंड.

“ग्रीक कथांत पुष्कळ राक्षस झोपेत नाहीतर बेसावध असताना मारले जातात,” मी समजावलं. “याला पाठच नाही. मागून कुणी वार करूच शकत नाही.”

“आणि माणूस?”

“कुठला माणूस?”

“सोंग घेणारा. डोकं घालायला मागं उघडं लागतं. गाठ मारायला जागा लागते.”

“ते तुम्ही बघा, बाबा. प्रयोग नऊ दिवसांवर आलाय. मुखवटा नसेल तर प्रयोग रद्द. खानविलकर तर आत्ताच सगळ्यांना सांगत सुटलेत की…”

“हा कोण?”

“माझ्याबरोबर शिकवतात. माझ्यामागे बोलतात.”

“काय बोलतो?”

“की मला फक्त तळटीपा लिहिता येतात.”

“खरं आहे?”



लहानूबाबांनी कोपऱ्यातला एक अर्धवट रंगवलेला मुखवटा उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. कागदाच्या लगद्याचा आणि खळीचा वास आला. नाकाच्या भोकांतून जेमतेम माझ्या चपला दिसत होत्या.

“आता गाठ मार.”

हात मागे नेले की मुखवटा घसरे. तीनदा घसरला.

“मास्तर, ओसरीवर माझा भाऊ बसलाय, महादू. त्याला म्हण, गाठ मारून दे.”

“तुम्हीच सांगा ना.”

“आमचं बोलणं नाही. जमिनीवरून भांडण आहे.”

मी काही म्हणायच्या आतच माझ्यामागे पावलं वाजली. मी खांदे आवळून घेतले.

“त्याला सांग,” समोरून लहानूबाबा म्हणाले, “फार आवळू नको.”

“त्याला सांग,” मागून आवाज आला, “दर साली तुझं सोंग मीच बांधतो. मला शिकवू नको.”

“त्याला सांग, मागल्या साली माझा कान कापला होता.”

“कानच मोठे आहेत त्याचे. सांग.”

मी कुणालाच काही सांगितलं नाही. नाड्या ताणल्या गेल्या, गाठ बसली. मग एक रुंद तळवा माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, येऊन टेकला.

“दुखतंय का?” महादूने विचारलं.

साधा प्रश्न होता. मी मुखवट्यासकट मान हलवली.

“नाही.”

तळवा तिथेच राहिला. खांदे कधी सैल पडले, ते माझं मलाही कळलं नाही.

“आता सांग, मास्तर,” लहानूबाबा म्हणाले. “मागं तोंड लावू?”

मुखवटा एकाच तोंडाचा झाला. राक्षसाचं काम मीच केलं. पडदा उघडण्याआधी विंगेत डोकावायला आलेल्या खानविलकरांकडे मी पाठ करून उभा राहिलो आणि नाड्या त्यांच्या हातात दिल्या. ते काय म्हणाले, आठवत नाही. गाठ मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

भावांचं ते भांडण मला पुष्कळ वर्षं खरं वाटत नव्हतं. दोघांनी मिळून माझी फिरकी घेतली असावी, अशी शंका होती. निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम पाड्यावर गेलो. लहानूबाबा तोवर हयात नव्हते. दोघातिघांना वेगवेगळं गाठून विचारलं.

खरं होतं. बावीस वर्षं ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आणि बावीसही वर्षं लहानूबाबांच्या सोंगाची गाठ महादूनेच मारली होती.