चार बोटांची उंची

फार मागे जायला नको; विजेवर गाड्या धावू लागल्या, तेव्हाची ही कहाणी. एका अंगणात अशा दोन गाड्या उभ्या असत, एकाच कारखान्यातल्या सख्ख्या बहिणी. थोरली महागातली, जमिनीलगत चालणारी. धाकटी स्वस्तातली, चार बोटं उंच.

थोरली टोमणे मारी, "काय गं, ओढ्यातून आल्यासारखी लुगडं वर खोचून उभी? घरंदाज गाडी रस्त्याला धरून चालते!" धाकटी इतकी खचली, की तिने मेकॅनिकला निरोप धाडला, "दादा, माझ्या स्प्रिंगा कापून मला ताईएवढी करा."

ती वाट बघत असतानाच आभाळात घार फिरू लागली. कोंबडी पिलांना घेऊन थोरलीकडे धावली. पिलं खाली शिरली, पण आई बाहेरच अडकली, आणि आईवाचून पिलं राहीनात.

"ताई, जरा वर व्हा ना!" कोंबडीने विनवलं. "आमच्यात अशी पद्धत नाही," थोरली म्हणाली.

मग सगळी धाकटीखाली शिरली. घार रिकामीच गेली.

मेकॅनिक पाना घेऊन आला. "बोला, किती कापू?"

"हळू बोला दादा," धाकटी म्हणाली, "पिलं निजलीत."

थोरली खाकरली. "आलाच आहात, तर मला चार बोटं उचलता का?"

धाकटीला जशी तिची उंची पावली, तशी ज्याची त्याला पावो.